इंजेक्शन झाल्यावर पुढे काय?

पुण्यात कर्वेनगरातून राजाराम पूल ओलांडला की सिंहगड रस्ता. त्यामुळे जानेवारी 2025 मध्ये तिकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम) रुग्ण वाढू लागले, तेव्हा ‘पलीकडचं दुखणं’ म्हणून हात झटकायची सोय इकडच्यांना नव्हती. दूषित पाण्याच्या संशयातली विहीर, टँकर, कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू, हे सगळं एव्हाना पाठ झालंय. सर्वाधिक चर्चा मात्र इंजेक्शनच्या खर्चाची. इम्युनोग्लोब्युलिन या इंजेक्शनचा नेहमीचा डोस किलोमागे 2 ग्रॅम, 5 दिवसांत विभागून. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळणारच.

पण हे औषध आपल्याच प्रतिकारशक्तीने नसांवर चढवलेला हल्ला आवरतं, एवढंच. बिघडलेल्या नसा ते दुरुस्त करत नाही. ते काम शरीर सवडीने करतं, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर रुग्णाला तगवून धरते ती सिस्टर.

तिचं काम व्हेंटिलेटरच्या आधीच सुरू होतं. “काका, एका दमात एक, दोन, तीन म्हणा बरं.” काल काका 25 पर्यंत गेले, आज 14 वर थांबले. बोटाला लावलेलं यंत्र अजूनही ऑक्सिजन 98 दाखवतंय, नातेवाईक निर्धास्त आहेत. या आजारात तो आकडा घसरतो सगळ्यात शेवटी; छातीचे स्नायू त्याआधीच थकलेले असतात. ज्या सिस्टरला हे कळतं, ती डॉक्टरांना वेळेत हाक मारते. माझ्या मते निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

व्हेंटिलेटरची नळी घातल्यावर आणखी अवघड. हा रुग्ण बहुतेक वेळा पूर्ण शुद्धीवर असतो. उशाशी कुणी बिलाची चर्चा केली तरी त्याला ती ऐकू येते, फक्त बोट हलवता येत नाही. पापणी हलत असेल तर एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. चेहराही लुळा पडला असेल तर डोळे उघडेच राहतात. मग मलम घालून ते पट्टीने मिटवायचे, नाहीतर बुबुळाला जखम होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही बेताबेताने, कारण काहींना चादर लागली तरी कळ येते. सक्शन करताना नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून हात नळीवर आणि नजर मॉनिटरवर.

आयसीयूचा जन्मही असाच हातांवर झालाय. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, आठवडेच्या आठवडे हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास दिला.

कर्वेनगरातच महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं नर्सिंग महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींच्या हाती आपण काय ठेवतो? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 2016 मध्ये सुचवलं की, 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेचा पगार 20,000 रुपयांपेक्षा कमी नसावा. शिफारसच ती, फायलीत सुखाने नांदते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका हवी. म्हणून इंजेक्शनचा हिशेब विचारायला काउंटरवर जाल, तेव्हा आज रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती व्हेंटिलेटर आहेत, हेही विचारा.