मुठीवरून वय

जुनं पितळ दिसलं की आपल्याकडे हात आधी चिंचेकडे जातो. कल्याणात पारनाक्याच्या बाजूला एका निवृत्त डॉक्टरांनी आपल्या बंद दवाखान्याच्या दोन खोल्यांत जुन्या वैद्यकीय उपकरणांचा संग्रह मांडलाय. तिथे मदतीला गेले तेव्हा पहिली ताकीद मिळाली ती हीच : काहीही घासायचं नाही. वारलेल्या डॉक्टरांच्या पेट्या घेऊन मुलं-सुना येतात, त्या मोठ्या प्रेमाने लखलखीत करून. त्या लखलखाटात बनवणाऱ्याचं कोरलेलं नाव, निकेलचा मुलामा, कधी कधी मोजमापाच्या खुणाही गेलेल्या असतात. डॉक्टर त्यांना काही बोलत नाहीत. माणसं गेल्यावर मात्र बराच वेळ धुसफुसतात.

हत्याराचं वय ठरवायचं तर आधी मूठ बघायची. हस्तिदंताची किंवा आबनुसाची मूठ, वर पकड यावी म्हणून चौकटी-चौकटींच्या बारीक खाचा, असं असेल तर ते बहुतेक जंतूंची भीती नसण्याच्या काळातलं. दिसायला काय देखणं! पण त्याच खाचांमध्ये एका रुग्णाचं रक्त दुसऱ्याच्या जखमेची वाट बघत बसायचं. जोसेफ लिस्टरने 1867मध्ये कार्बोलिक ॲसिडने जखमा सांभाळायची पद्धत मांडली, पुढे हत्यारं उकळायची आणि वाफवायची रीत आली. हस्तिदंत उकळलं की तडकतं, लाकूड फुगतं, आतली चिकटवण सुटते. मग मूठही धातूचीच झाली. पोलादाला गंज चढू नये म्हणून निकेलचा मुलामा आला, तोही वारंवार उकळून कडांना पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. स्टेनलेस स्टील त्याच्याही नंतरचं. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने ते 1913मध्ये बनवलं, सर्जनांच्या टेबलावर यायला आणखी काही वर्षं गेली. मुठीनंतर सांधा बघायचा. कात्री किंवा चिमटा हाताने सुटा होत असेल तर तो आतून धुता यावा म्हणून तसा केलेला, म्हणजे मागाहूनचा.

कल्याणात असं काही मांडलं की येणारा प्रत्येक जण आनंदीबाई जोश्यांचं काय आहे, असं विचारतोच. त्यांचा जन्म इथला, 31 मार्च 1865चा. त्यांची एकही वस्तू इथे नाही आणि डॉक्टर तसं सरळ सांगतात. पण लगेच दोन चाकू शेजारी शेजारी ठेवतात, एक आबनुसी मुठीचा, एक सबंध धातूचा. आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकून 1886मध्ये पदवीधर झाल्या, नेमकं तेव्हाच पहिल्या चाकूचे दिवस संपत आले होते. त्याच सुमारास बर्लिनमध्ये बर्गमान शस्त्रक्रियेचं साहित्य वाफेने निर्जंतुक करू लागला होता. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्या क्षयाने गेल्या, आणि क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला 1940चं दशक उजाडावं लागलं. मला विचाराल तर नसलेल्या साडीपेक्षा नि चष्म्यापेक्षा हे दोन चाकू जास्त बोलतात.

माझ्या वाट्याला आला तो काचेच्या सिरिंजांचा ट्रे. नळकांडं नि दट्ट्या सगळे सुटे, सरमिसळ झालेले. प्रत्येक जोडी एकमेकांत घासून बसवलेली असते, म्हणून दोन्हींवर एकच आकडा कोरलेला असतो. खिडकीच्या तिरप्या उजेडात भिंग धरलं तरच तो दिसतो. याचा दट्ट्या त्याला लावला तर एक तर अडकतो, नाही तर औषध मागून गळतं. जोडी जमली का, याची परीक्षा सोपी आहे : दट्ट्या पाण्यात ओला करून आत सरकवायचा, टोकावर बोट दाबायचं, दट्ट्या थोडा मागे ओढून सोडायचा. जोडी खरी असेल तर तो टुणकन आपला आपण पुढे येतो. हे जमायला लागलं की हातातलं काम सोडवत नाही. रोज संध्याकाळच्या गर्दीत, उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढून, कंपाउंडर या जोड्या लावत असत.

सुयांचंही तेच. वापरून बोथट झालेली सुई दगडावर धार लावून पुन्हा घ्यायची आणि पोकळीत बारीक तार घालून ठेवायची, म्हणजे ती गंजून बुजत नाही. टोकाला अदृश्य आकडी राहिली का, हे कापसावरून ओढून बघायचं. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा दगड. हा कापूस सगळेच दवाखाने वापरत असतील, असं माझा दंड तरी म्हणत नाही.

खाडीकाठच्या हवेत पावसाळा म्हणजे या संग्रहाचा खरा वैरी. मखमलीच्या अस्तराच्या पेट्या ओल धरतात, म्हणून पोलाद त्यातून काढून वेगळं ठेवलंय. रबराच्या नळ्या चिकट होतात, आणि त्यांच्यातल्या गंधकाने शेजारची चांदी काळी पडते. चांदीचा एक कॅथेटर असाच कोळशासारखा झालाय. आता रबर दुसऱ्या खोलीत असतं.

सध्या सगळ्यात जास्त येतात ते पाऱ्याचे रक्तदाबमापक. रिव्हा-रोचीने 1896मध्ये पाऱ्याच्या स्तंभावर रक्तदाब मोजायची सुटसुटीत रीत आणली, कोरोत्कोव्हने 1905मध्ये तिला स्टेथोस्कोपची जोड दिली, आणि पुढे कित्येक दशकं जगभर तीच चालली. पारा विषारी. त्याचा वापर आवरणारा मिनामाता करार भारताने 2018मध्ये मान्य केला, म्हणून दवाखाने आता ही यंत्रं काढून टाकताहेत. डॉक्टरांनी एक ठेवून घेतलंय. ते तिरकं करून पारा टाकीत उतरवला, तोटी बंद केली, खाली खोलगट ट्रे सरकवला. बाकीचे ते दारातूनच परत पाठवतात आणि भंगारवाल्याला देऊ नका, घातक कचऱ्याच्या गाडीत द्या, असं बजावतात.