जुन्या व्हॅनचं घर करण्याआधी

उज्जैनहून इंदूरमार्गे ऐंशीएक किलोमीटर गेलं की पीथमपूर येतं. आपल्याकडच्या बऱ्याच कॅम्पर व्हॅन ज्या गाडीवर बांधल्या जातात, ती फोर्स ट्रॅव्हलर तिथेच तयार होते. मर्सिडीजच्या एका जुन्या व्हॅनवर बेतलेली ही गाडी १९८७ साली बजाज टेम्पोने आणली. मेटाडोरवाली कंपनी ती हीच. कारवाँ बांधून देणाऱ्या पिनॅकल इंडस्ट्रीजचा कारखानाही पीथमपूरलाच आहे. पण उज्जैनच्या मराठी घरांत हा विषय निघतो तो ट्रॅव्हलरवरून नव्हे. शाळेच्या मुलांची वर्षानुवर्षं ने-आण करून विकायला निघालेली एखादी ओमनी किंवा ईको दिसते आणि मनात येतं, हिच्यात मागे बिछाना टाकला तर? निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमा करता येईल, महेश्वर-मांडू हिंडता येईल, नाशिक-पुण्याच्या नातलगांकडे मुक्काम करत करत जाता येईल.

बेत चांगला आहे आणि आटोपशीर पैशांत जमणारा आहे. बिघडतो तो ऐकीव माहितीमुळे, आणि ती माहिती बहुधा सुतारकाम सुरू झाल्यावर खोटी ठरते. तोवर पत्रा कापून झालेला असतो.

«गाडी आपली, तिचं काहीही करावं»

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेला मूळ तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. बदल कशाला म्हणायचं तेही तिथेच सांगितलं आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप पालटतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. छप्पर कापून उंच करणं, खिडकीसाठी बाजूचा पत्रा कापणं, आसनं कायमची उपटून टाकणं, हे सगळं यात येतं. आसनसंख्या प्रमाणपत्रावर लिहिलेली असते, रंगही लिहिलेला असतो. म्हणून दोन्हींसाठी आधी आरटीओची परवानगी आणि मग प्रमाणपत्रावर नोंद, हाच क्रम.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: कॅम्पर म्हणजे बेकायदाच. तेही खरं नाही. केंद्र सरकारच्या २००४च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा बिगर-परिवहन वाहनांचा स्वतंत्र प्रकार दिलेला आहे. मोटर कारवाँसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा गाड्यांची चाचणी करून प्रमाणपत्र देतात. अडचण एवढीच, की ही वाट गाड्या बांधून विकणाऱ्यांसाठी आखलेली आहे. एका जुन्या ईकोसाठी तो खर्च परवडत नाही.

कमी पैशांत करायचं असेल तर माझ्या मते एकच रस्ता सरळ आहे: गाडीच्या अंगाला हात लावायचा नाही. आसनं जागेवर ठेवायची आणि त्यांच्या उंचीला येणारी घडीची फळी करून घ्यायची. रात्री उलगडायची, सकाळी मागे रचायची. ती पट्ट्यांनी घट्ट आवळायची, म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढे येणार नाही. भांड्यांची पेटी, पाण्याचे डबे, शेगडी सगळं सुटं. अर्ध्या तासात उतरवता येतं ते सामान. त्याने प्रमाणपत्रातलं एक अक्षरही बदलत नाही, आणि गाडी पुढे विकताना ती व्हॅन म्हणूनच विकता येते.

ईको कार्गो पाहून मात्र फसू नका. मागे सपाट मोकळी जागा असते, भावही उतरलेला असतो. पण ती मालवाहू गाडी आहे. तिच्या मागच्या भागात माणसं बसवून नेता येत नाहीत.

«इंजिन ठणठणीत, म्हणजे गाडी ठणठणीत»

गाडी दाखवायला मेकॅनिक नेतात आणि तो इंजिनाचा आवाज ऐकून मान हलवतो. ओमनी-ईकोच्या इंजिनाचे भाग गल्लोगल्ली मिळतात आणि ते काम करणारे हातही मिळतात. सडलेल्या पत्र्याला मात्र स्वस्त औषध नाही. शाळेच्या व्हॅनमध्ये पावसाळाभर ओले बूट आणि गळक्या पाण्याच्या बाटल्या असतात. रबरी चटईखाली ते पाणी साचून राहतं आणि वरून काही दिसत नाही.

म्हणून सौद्याआधी चटई उचलायला लावा. मालक कुरकुरला तर तेही एक उत्तरच आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा ठोकत पुढून मागे जा. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे बद्द वाजेल तिथे टोक दाबून पाहा. पापुद्रा सुटून तपकिरी चुरा बोटाला लागला तर समजा की खालून जोड गेला आहे. सरकत्या दाराचा खालचा रूळ, चाकांवरच्या कमानी, जॅक लावायच्या जागा याच रीतीने तपासा. ताजा काळा लेप फक्त तळालाच दिसला तर दुप्पट सावध व्हा. ओमनी आणि ईको दोन्हींत इंजिन पुढच्या आसनांखाली असतं हेही ध्यानात ठेवा. लांब चालवल्यावर तिथला भाग बराच वेळ तापलेला राहतो. उशी, कपडे, डबे तिथे कोंबायचे नाहीत.

शाळेच्या बहुतेक व्हॅन गॅसवर चाललेल्या असतात. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी व्हावी लागते आणि किटची नोंद प्रमाणपत्रावर व विम्यात असावी लागते. नोंद नसलेलं किट म्हणजे आयता अनधिकृत बदल, आणि तो तुमच्या गळ्यात.

कागदांचं थोडक्यात. पिवळ्या पाटीची गाडी पांढऱ्या पाटीवर आणता येते, पण परमिट परत करणं आणि कराचा फरक भरणं हे सौद्यात आधी ठरवून घ्या. कर्जाचा बोजा उतरला आहे का, चलान थकली आहेत का, हे पाहा. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. तो स्वस्तपणा एनओसी, मध्य प्रदेशचा कर आणि खेपा यांची बेरीज केल्यावरच मोजावा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली की इथली नोंदणी घ्यावीच लागते. वापरलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो हे अर्धसत्य आहे: तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर लागतो, शेजाऱ्याकडून गाडी घेतली तर नाही. आणि ट्रॅव्हलर चालवायला अवजड वाहनाचा परवाना लागतो हा समजही चुकीचा. साडेसात टनांपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

«प्लायवूड हलकंच असतं»

लहान व्हॅनमध्ये सर्वांत मोठी चूक वजनाची होते. आठ बाय चारच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचं वजन साधारण ३२ किलो भरतं. पलंग आणि कपाटं म्हणजे अशा दोन शीट सहज लागतात, म्हणजे ६४ किलो. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पंचावन्नच्या आसपास. पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. गादी, शेगडी, भांडी, शिधा, कपडे यांचे साठ धरा. टपावर कॅरियर, सौर पॅनल आणि ताडपत्री मिळून तीस. त्यात दोन माणसं १४० किलोंची. बेरीज ३८९. पाच माणसं आणि त्यांच्या पिशव्या मिळून जेवढं वजन होतं तेवढं हे झालं, आणि पाच आसनी व्हॅन त्याच हिशेबाने बनवलेली असते. यावर स्वयंपाकाचा ओटा, कडप्पा, आणखी एक बॅटरी चढवली की गाडी मर्यादेबाहेर जाते.

सपाट रस्त्यावर हे कळत नाही. महाराष्ट्रातून धुळे-सेंधव्यामार्गे येताना बिजासन घाट लागतो आणि पुढे धार जिल्ह्यात गणेश घाट. गणेश घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांनी वर्षानुवर्षं बदनाम होता. जास्त वजनाची गाडी उतारावर ब्रेक दाबत दाबत खाली आणली की ब्रेक तापून पकड सोडतात. म्हणून सामान भरल्यावर धर्मकाट्यावर एकदा वजन कराच आणि प्रमाणपत्रावरच्या एकूण वजनाशी ताडून पाहा. त्याला लागणारे पैसे किरकोळ आहेत. पलंगाला १२ मिलिमीटरचं प्लाय आणि खाली ॲल्युमिनियमची चौकट पुरते. जड वस्तू चाकांमध्ये आणि तळाशी ठेवायच्या, टपावर नाही. लाकूडकामातून वाचलेले पैसे ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनला घालायचे. एकूण अंदाजपत्रकाचा चौथा हिस्सा मी तरी यांत्रिक कामासाठी बाजूला ठेवायला सांगेन, आणि तो आधी खर्च करायला.

«थर्माकोल लावलं की माळव्याचा उन्हाळा आत येत नाही»

उष्णतारोधक थर उष्णता उशिरा आत आणतो, अडवत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना उन्हात दिवसभर बंद राहिलेली पत्र्याची गाडी तापणारच, आणि तोच थर मग रात्री तिला निवूही देत नाही. सावली आणि वाहता वारा हेच खरे उपाय आहेत. दोन समोरासमोरच्या खिडक्यांना सुटी जाळी, एक बारा व्होल्टचा पंखा, आणि बाजूला बांधायची ताडपत्री. थर्माकोल तर पेट घेतं. शेगडी जवळ असलेल्या गाडीत ते नकोच. खिडक्यांना काळी फिल्म चिकटवणं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केलं आहे. गाडी उभी असताना लावायचे आणि निघताना काढायचे पडदे पुरतात.

एसीचं गणित मांडून बघा. एक टनाचा एसी रात्रभरात पाचेक युनिट वीज खातो. शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत सव्वा युनिटभर वीज असते, आणि बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे आठ बॅटऱ्या आणि त्यांचं दोनशे-अडीचशे किलो वजन. याउलट पंखा, दोन दिवे आणि दोन मोबाइल यांना रात्रीला पाव-अर्धा युनिट लागतं; एक बॅटरी आणि शंभर वॉटचं पॅनल यात भागतं. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर पंखा लावून झोपलात तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

मग कोणी म्हणतं, इंजिन चालू ठेवू, नाहीतर छोटा जनरेटर लावू. डिसेंबर २०२४मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कारवाँत दोन जण मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळाच्या भोकातून आत शिरला, असं कालिकतच्या एनआयटीच्या तपासणीत आढळलं. या वायूला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू असताना आत झोपायचं नाही, शेगडी बंद गाडीत पेटवायची नाही, आणि वायर किंवा पाइपसाठी तळाला भोक पाडायचं नाही. एलपीजी हवेहून जड असतो, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडर उभा, बाहेर आणि बिछान्यापासून दूर वापरावा. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक हा या सगळ्या खर्चातला सर्वांत लहान खर्च आहे. त्यावर काटकसर करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

«गाडी असली की मुक्काम कुठेही»

२०२८च्या सिंहस्थात व्हॅन रामघाटाजवळ लावून झोपू, असं अनेकांच्या मनात आहे. अशा मेळ्यात बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच्या मोठ्या वाहनतळांवर थांबवल्या जातात, आणि तिथे सावली मिळेलच असं नाही. २०१६च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळून सात भाविक गेले. ताडपत्री बांधणाऱ्याने वाऱ्याचा जोर वाढताच ती सोडून गुंडाळायला शिकलं पाहिजे.

परिक्रमेला मात्र ही गाडी खरोखर उपयोगी पडते. चातुर्मास संपल्यावर निघतात, त्यामुळे उकाड्याचा प्रश्न येत नाही. उलट अमरकंटकला जाड पांघरूण लागतं. आश्रमाच्या आवारात विचारून गाडी लावली की पाणी आणि शौचालयही मिळतं. एक गोष्ट आधी ठरवून ठेवावी लागते. नर्मदा ओलांडायची नाही, म्हणून समुद्राशी परिक्रमावासी नावेने दक्षिण तटावरून उत्तरेला मिठी तलाईला उतरतात आणि गाडी अंकलेश्वर-भरूचच्या पुलावरून फिरून तिथे येते. दोघंच नवरा-बायको निघाले आणि गाडी त्यांच्यापैकीच एक चालवत असेल, तर गाडी पलीकडे नेणारा तिसरा माणूस लागतो. नावा भरतीच्या वेळेवर सुटतात, तेव्हा त्याला एक दिवस आधीच बोलावून घ्यावं.