आवाज कशाबरोबर बदलतो? जुन्या मोटारीच्या निदानाची एक पद्धत

जुन्या मोटारीतून जाताना एखादा नवा, अनोळखी आवाज ऐकू येऊ लागणे हा बिघाडाचा पहिला आणि पुष्कळदा सर्वांत स्वस्तात मिळणारा इशारा असतो. परंतु त्या आवाजावरून कारण ठरवणे वाटते तितके सरळ नसते, कारण टायरची असमान झीज, चाकाचे बेअरिंग, सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि दारांच्या फटींतून शिरणारा वारा या सर्वांचे आवाज गाडीच्या पोलादी सांगाड्यातून आत पोहोचेपर्यंत बरेचसे एकसारखे होऊन जातात. नव्या गाडीत सांध्यांमधील रबरी बुश, दारांभोवतीच्या रबरी पट्ट्या आणि फरशीवरील ध्वनिशोषक थर हे आवाज अडवून धरतात. वर्षानुवर्षे ऊन, पाऊस आणि इंजिनाची उष्णता सोसून रबर कडक होते, त्याला चिरा पडतात, आणि मग आवाज निर्माण करणारे भाग झिजत असतानाच आवाज अडवणारे भागही निकामी होऊ लागतात. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांसाठी होते आणि पुढे तिचे नूतनीकरण करता येते. त्यामुळे दहा-बारा वर्षांची गाडी रोज चालवणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न नेहमीचा असतो.

अशा वेळी बहुतेक चालक पहिला प्रश्न विचारतात तो आवाज कुठून येतो हा, आणि निदान चुकण्याची सुरुवात पुष्कळदा येथेच होते. सेकंदाला 55 कंपने असलेल्या खोल घरघरीची ध्वनिलहर हवेत सुमारे 6 मीटर लांब, म्हणजे सामान्य मोटारीहूनही लांब असते; एवढ्या लांब लहरींच्या आवाजाची दिशा बंद डब्यात कानाला नीट ओळखता येत नाही, आणि मागच्या चाकातली घरघर पुढून येत असल्यासारखी भासू शकते. म्हणून आवाज कशाबरोबर बदलतो, हा प्रश्न आधी विचारायला हवा. गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, रस्त्याचा पृष्ठभाग, वळण, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवल्या, तर बहुतेक आवाजांचे मूळ गाडीचा एकही भाग न उघडता दोन-तीन शक्यतांपर्यंत आणता येते.

आवाजामागचे गणित

या पद्धतीचा आधार साध्या गणितात आहे. 185/65 आर 15 या मापाचे टायर अनेक छोट्या मोटारींना असते. त्यातील 185 ही टायरची मिलीमीटरमधील रुंदी, 65 हे त्याच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण आणि 15 हा रिमचा इंचांतील व्यास. या टायरचा परीघ सुमारे 1.95 मीटर भरतो, आणि ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटरांहून थोडी अधिक जात असल्याने चाक सेकंदाला सुमारे 11 फेरे घेते. माणसाच्या कानाला साधारणपणे सेकंदाला 20 पेक्षा कमी कंपने आवाज म्हणून ऐकू येत नाहीत. त्यामुळे चाकाचे संतुलन बिघडले असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एकदा बसणारा तो हिसका स्टिअरिंगच्या किंवा आसनाच्या थरथरीतून मुख्यतः हातापाठीला जाणवतो.

बेअरिंगमध्ये बारा गोळ्या आहेत आणि त्याच्या बाहेरच्या कड्याला एका जागी खड्डा पडला आहे असे धरले, तर चाकाच्या एका फेऱ्यात त्या खड्ड्यावरून साधारण पाच गोळ्या जातात आणि सेकंदाला सुमारे 55 आघातांची खोल घरघर तयार होते. टायरच्या पृष्ठावर नक्षीचे साठ-सत्तर ठोकळे असतील, तर त्यांचे रस्त्यावरील आघात सेकंदाला सातशे-आठशेच्या घरात जातात. ते सगळे एका सुरात घुमू नयेत म्हणूनच उत्पादक या ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमीजास्त ठेवतात. दुसरीकडे, चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला 80 वेळा इंधन पेटते, आणि हा सूर बेअरिंगच्या घरघरीच्या इतका जवळ असतो की नुसत्या कानाने दोहोंत गल्लत होणे स्वाभाविक आहे. ती गल्लत टाळण्यासाठी मोकळ्या, सपाट रस्त्यावर वेग तोच ठेवून चौथ्याऐवजी पाचवा गिअर टाकावा. इंजिनाचे फेरे कमी होताच आवाजाची पट्टीही खाली आली, तर कारण इंजिन किंवा त्याला जोडलेल्या भागांत शोधावे. पट्टी जशीच्या तशी राहिली, तर ते चाकांच्या बाजूला आहे असे समजावे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून किंवा इंजिन बंद करून ही परीक्षा कधीही करू नये, कारण इंजिन बंद होताच ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य संपते, आणि घाटात तर इंजिनाचा रोध हाच ब्रेकांचा मोठा आधार असतो.

टायर की बेअरिंग?

वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल, तर पहिला संशय टायर आणि बेअरिंग या दोहोंवर जातो आणि त्यांतला फरक रस्ताच सांगतो. काँक्रीटच्या रस्त्यावर पाण्याचा निचरा व्हावा आणि पकड राहावी म्हणून अनेकदा आडव्या बारीक खाचा पाडलेल्या असतात व त्यांमुळे टायर उंच सुरात गुंजतो. जाड खडीच्या डांबरी रस्त्यावर तोच टायर खरखरतो आणि नव्या गुळगुळीत डांबरावर जवळजवळ शांत होतो. म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर उतरताच आवाजाचे स्वरूप पालटले, तर तो बहुधा टायरचा असतो, आणि पृष्ठभाग बदलूनही घरघर तशीच राहिली, तर बेअरिंगचा संशय बळावतो.

टायरची तपासणी डोळ्यांपेक्षा तळहाताने अधिक चांगली होते. गाडी थांबवून, टायर थंड झाल्यावर नक्षीवरून हात एकदा एका दिशेने आणि एकदा उलट फिरवावा; एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांची समांतरता बिघडली आहे आणि व्हील अलाइनमेंट करून घेण्याची गरज आहे. पृष्ठावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागले, तर दोष पुष्कळदा टायरच्याही मागे असतो. गॅरेजमध्ये ज्याला शॉकअप म्हणतात तो शॉक ॲब्सॉर्बर अशक्त झाला, की खड्ड्यानंतर चाक रस्त्यावर घट्ट न टेकता उड्या घेत राहते, प्रत्येक उडीनंतर टायरचा थोडा भाग अधिक घासला जातो, आणि चट्टे वाढत जाऊन शेवटी बेअरिंगची आठवण करून देणारा चढउताराचा आवाज येऊ लागतो. अशा वेळी नुसते टायर बदलले, तर आवाज तात्पुरता जातो आणि नवे टायरही त्याच वाटेने खराब होतात. टायरच्या भिंतीवरील चार आकडी तारीखही वाचावी: 2319 असे लिहिले असेल, तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. नक्षीची खोली कायद्याने ठरवलेल्या 1.6 मिलीमीटरच्या खाली गेली नसली, तरी वयाने कडक झालेले रबर अधिक आवाज करते आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकडही कमी होते. संशय फेडण्याचा आणखी एक उपाय म्हणजे एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे चाक आपसांत बदलणे. आवाजाची जागा किंवा जात बदलली, तर दोष टायरमध्येच आहे.

बेअरिंगमध्ये दोन कड्यांच्या मधे ग्रीसमध्ये फिरणाऱ्या गोळ्या किंवा रोलर असतात आणि कडेचे सील पाणी व धूळ बाहेर ठेवते. खड्ड्यातला जोराचा दणका कड्यावर सूक्ष्म खाच पाडतो, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना सील कमजोर असेल, तर पाणी आत शिरून ग्रीस बिघडवते. म्हणून पावसाळा संपता संपता सुरू झालेल्या घरघरीकडे विशेष लक्ष द्यावे. मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगाने हलके वळण घेतले, तर बाजूही कळू शकते: गाडी डावीकडे वळली, की तिचा भार उजव्या चाकांवर सरकतो आणि उजवे बेअरिंग खराब असेल, तर घरघर वाढते. काही रचनांच्या बेअरिंगमध्ये हा नियम चुकतो, म्हणून खात्री चाक उचलूनच करावी.

ही तपासणी सपाट, टणक जमिनीवर, इतर चाकांना अटकाव लावून, गाडी स्टँडवर टेकवून करावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. उचललेले चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर खराब बेअरिंगची किरकिर बोटांना जाणवते. चाक वरून आणि खालून धरून हलवले असता सैल लागले, तर एखाद्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे; सैलपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा आणि कायम राहिला तर बॉल जॉइंटचा असण्याची शक्यता अधिक. डावीकडून व उजवीकडून धरून हलवल्यावर मिळणारा सैलपणा बहुधा स्टिअरिंगच्या टायरॉड एंडकडे बोट दाखवतो.

ठोके, टकटक आणि किंचाळी

घरघर सतत येते, तर ठोके निमित्ताने येतात. कमी वेगात, खराब रस्त्यावर किंवा गतिरोधकावर होणारी खडखड बहुधा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअपच्या वरच्या रबरी माउंटिंगमधून येते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना येणारी लयबद्ध टकटक ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याची असते. त्याचे रबरी बूट फाटले, की ग्रीस बाहेर उडते, धूळ आत जाते आणि सांधा झिजतो, म्हणून बूटची चीर वेळीच दिसली तर मोठा खर्च वाचतो. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना उमटणारी हुंकारासारखी धून डिफरन्शिअलमधल्या क्राउन-पिनियनची असू शकते, आणि निघताना बसणारा खणखणीत ठोका प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा.

ब्रेकच्या बाबतीत पॅड झिजत आल्यावर डिस्कला टेकणारी धातूची पट्टी अनेक गाड्यांत मुद्दाम बसवलेली असते आणि तिची किंचाळी हा ठरवून दिलेला इशारा आहे. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर पुढचा आवाज लोखंडावर लोखंड घासल्याचा असतो आणि मग डिस्कही बदलावी लागते. पावसानंतरच्या सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना येणारी खरखर मात्र डिस्कवरील पातळ गंजाची असते आणि ती आपोआप जाते. केवळ मोठ्या वेगात येणारी शीळ वाऱ्याच्या दिशेबरोबर बदलत असेल, तर दारांच्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावून तोच रस्ता पुन्हा चालून पाहावे. शीळ थांबली, तर जीर्ण रबरी पट्टी सापडली.

मेकॅनिकला काय सांगावे

गाडी मेकॅनिककडे नेताना “काहीतरी आवाज येतो” एवढेच सांगितले, तर त्याला अंदाजाने भाग बदलण्यावाचून मार्ग राहत नाही आणि त्या अंदाजांचे पैसे गाडीच्या मालकाला द्यावे लागतात. आवाज किती वेगाला सुरू होतो, गिअर बदलल्याने, रस्ता बदलल्याने, वळणाने आणि ब्रेकने त्यात काय फरक पडतो, आणि तो सुरू होण्याआधी टायर, ब्रेक किंवा सस्पेन्शनचे कोणते काम झाले होते, हे चार ओळींत लिहून द्यावे व शक्य असल्यास त्याला शेजारी बसवून तोच रस्ता दाखवावा. चाक नुकतेच काढून बसवले असेल आणि त्यानंतर ठोके येऊ लागले असतील, तर इतर कशाचाही विचार करण्याआधी गाडी थांबवून चाकाचे नट तपासावेत. सैल नट, लोखंडी घासणीचा आवाज करणारे ब्रेक, सैल बॉल जॉइंट आणि हलणारे चाक ही चार लक्षणे दिसली, तर गाडी चालवत नेण्याऐवजी ओढून नेणेच योग्य, कारण येथे प्रश्न जिवाचा असतो. इतर दुरुस्त्या एकेक करून कराव्यात आणि प्रत्येकीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी पुन्हा चालवून पाहावी. दोन भाग एकदम बदलले, तर आवाज जातो, पण दोष कोणत्या भागात होता हे कळत नाही, आणि तो भाग का झिजला याचे मूळही त्यामुळे शोधायचे राहून जाते.