पहिला तास, पहिला अंक

१४ सप्टेंबर १९०८. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या कोलंबिया या लहानशा गावात त्या दिवशी दोन गोष्टी बरोबरच झाल्या. राज्याच्या सरकारी विद्यापीठात पत्रकारितेच्या शाळेचा पहिला तास भरला, आणि 'युनिव्हर्सिटी मिसुरियन' या दैनिकाचा पहिला अंक निघाला. बातम्या विद्यार्थ्यांनी आणायच्या, संपादन शिक्षकांच्या नजरेखाली करायचं आणि अंक गावाने वाचायचा, अशी रचना होती. मिसुरीची शाळा आपण जगातली पहिली असल्याचं सांगते. पॅरिसमध्ये १८९९ सालीच एक शाळा निघाली होती, त्यामुळे या पहिलेपणावर वाद घालता येतो. मला त्या वादापेक्षा तारीख महत्त्वाची वाटते. आधी दोन वर्षं शिका, मग छापायचं बघू, असं तिथे कुणी म्हटलं नाही.

शाळा उभी करणारे वॉल्टर विल्यम्स स्वतः कधी कॉलेजात गेले नव्हते. बूनव्हिल गावात छापखान्यात उमेदवारी करत ते वर आले आणि पुढे 'कोलंबिया हेरल्ड'चे संपादक झाले. पत्रकार घडतो तो कचेरीत, वर्गात नव्हे, असं त्या काळचे बहुतेक संपादक ठासून सांगत. आपल्याकडेही हे वाक्य पिढ्यानपिढ्या ऐकू येत आलं आहे. विल्यम्स स्वतःही कचेरीतच घडले होते. त्यांनी वाद घालत न बसता कचेरीच वर्गात आणली. ते शाळेचे पहिले अधिष्ठाता झाले. १९१४ साली त्यांनी पत्रकाराची एक प्रतिज्ञा लिहिली, तिचा ब्राँझचा फलक वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात आहे. कॉलेजची पायरी न चढलेला हा माणूस पुढे त्याच विद्यापीठाचा अध्यक्ष झाला.

पेपरची मालकी विद्यापीठाने स्वतःकडे ठेवली नाही, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सरकारी पैशांवर चाललेला पेपर गावातल्या खासगी पेपरांशी जाहिरातींसाठी स्पर्धा करणार, ही तक्रार साहजिकच होती. म्हणून 'मिसुरियन' एका वेगळ्या संस्थेच्या नावावर गेला. त्याचा मोठा फायदा असा, की विद्यापीठाच्या कारभाराची बातमी करताना विद्यार्थ्याच्या डोक्यावर मालक म्हणून कुलगुरू बसलेले नसतात. गावात १९०१ पासून 'ट्रिब्यून' हे खासगी दैनिकही आहे. नगर परिषदेच्या बैठकीला दोन्हीकडचे बातमीदार जातात. एकाकडून काही निसटलं तर ते दुसऱ्याच्या अंकात दिसतं. परीक्षेतले गुण कमी झाल्यावर लागतं त्याहून हे जास्त लागतं.

१९५३ च्या डिसेंबरात विद्यापीठाने 'कोमू' हे दूरचित्रवाणी केंद्रही सुरू केलं. तेही खरंखुरं, व्यावसायिक केंद्र, आणि त्याच्याही वृत्तकक्षात विद्यार्थी काम करतात.

या शाळेतली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र साधी आहे. 'मिसुरियन'मध्ये बातमी छापण्याआधी बातमीदाराने तिच्यातल्या माणसाला फोन करून त्याच्याबद्दलचे तपशील आणि त्याच्या तोंडची वाक्यं वाचून दाखवायची असतात. मजकूर बदलून देण्यासाठी हे नसतं, चूक पकडण्यासाठी असतं. नाव बरोबर लिहिलंय का? वय? हुद्दा? 'दोनशे' म्हणालात की 'दोन हजार'? वीस वर्षांच्या पोराला अनोळखी माणसाला फोन करून हे विचारायला संकोच वाटतो. तो संकोच मोडणं हेच शिक्षण.

हे वाचलं तेव्हा मला माझा प्रायोगिक अंक आठवला. पत्रकारितेचं शिक्षण मी महाराष्ट्रातल्याच एका विद्यापीठात घेतलं. वर्षातून दोनदा आम्ही चार पानांचा अंक काढायचो. शंभरेक प्रती निघत. काही प्राध्यापकांच्या टेबलावर जात, बाकीच्या कपाटात. पाणीपुरवठ्यावरच्या माझ्या बातमीत पालिकेच्या एका अभियंत्याचं आडनाव मी चुकीचं छापलं होतं. दीड वर्षाने, नोकरीला लागल्यावर, फाइल चाळताना ती चूक मला दिसली. मधल्या काळात कुणाचा फोन नाही, पत्र नाही. त्या बातमीला गुण मात्र चांगले मिळाले होते. पेपर गावात पोहोचलाच नव्हता, मग फोन करणार कोण?

मिसुरीचं कौतुक करताना त्या शाळेने बंद ठेवलेलं दारही दाखवायलाच हवं. ल्यूसिल ब्लूफर्ड ही कॅन्सस विद्यापीठाची पत्रकारितेची पदवीधर. 'कॅन्सस सिटी कॉल' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात ती जबाबदारीच्या पदावर काम करत होती. तिने मिसुरीत पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. १९३९ च्या जानेवारीत नाव नोंदवायला ती स्वतः हजर झाली, तेव्हा ती कृष्णवर्णीय आहे हे कळलं आणि तिला परत पाठवलं गेलं. तिने पुन्हा पुन्हा अर्ज केले, ती कोर्टात गेली. १९४१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिच्यासाठी दुसरीकडे तशी सोय नसेल तर तिला इथे प्रवेश द्यावा लागेल. १९४२ साली विद्यापीठाने पत्रकारितेचा पदव्युत्तर वर्गच बंद केला. युद्धामुळे विद्यार्थी आणि शिक्षक उरले नाहीत, असं कारण दिलं.

एका मुलीला आत घ्यायचं नाही म्हणून वर्गालाच कुलूप! सरकारी विद्यापीठ सगळ्यांच्या करावर चालतं. कर भरणाऱ्यांत ब्लूफर्डचं कुटुंबही होतं. तिने कॅन्सस सिटीत आयुष्यभर तोच पेपर चालवला. १९८४ साली मिसुरीच्या पत्रकारिता शाळेने तिला सन्मानपदक दिलं, १९८९ साली विद्यापीठाने मानद डॉक्टरेट. पन्नास वर्षं लागली.

२०१५ च्या नोव्हेंबरात वर्णभेदाच्या प्रश्नावरच तिथले विद्यार्थी आंदोलनाला बसले आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. त्या दिवशी मैदानावर आंदोलकांनी कडं केलं होतं आणि पत्रकारिता शाळेचा एक विद्यार्थी तिथे फोटो काढत होता. त्याला मागे ढकलायला लागले. तो ओरडला नाही. ज्या कायद्याने तुम्हाला इथे उभं राहण्याचा हक्क दिला, त्यानेच मलाही दिला, एवढंच तो समजावत राहिला. आंदोलकांचं दुःख खरं होतं आणि त्याचा हक्कही खरा होता. असा पेच पाठ्यपुस्तकातून सुटत नाही, तिथे उभं राहावं लागतं.

मिसुरीचा धागा भारतातही आला. तिथे शिकलेल्या पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग सुरू केला. फाळणीनंतर तो दिल्लीत आला आणि १९६२ साली चंदीगडला गेला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली विभाग निघाला, तेव्हा अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे रोलंड वोल्सली शिकवायला आले होते. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ साली सुरू झाला. या विभागांनी मराठी वृत्तसृष्टीला किती माणसं दिली, हे कुठल्याही दैनिकाच्या कचेरीत विचारा. पण आपल्या बहुतेक विभागांत विषय आले, परीक्षा आल्या, प्रकल्प आले, रोज गावासमोर जाणारा पेपर मात्र आला नाही.

तो आणायला आता छपाईयंत्रही लागत नाही. एक संकेतस्थळ, दोन अनुभवी उपसंपादक आणि विद्यापीठ त्यात ढवळाढवळ करणार नाही असा लेखी ठराव, एवढ्यावर सुरुवात होते. तालुक्याच्या पंचायत समितीच्या बैठकीला आज किती दैनिकांचा माणूस जातो? तिथे पत्रकारितेचे विद्यार्थी पाठवा. विद्यापीठांच्या अधिसभांमध्ये पदवीधरांचे प्रतिनिधी बसतात. त्यांनी हा विषय मांडावा, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आणि वाचकांनाही एक सांगणं आहे. तुमच्या शहरात पत्रकारितेचा विभाग असेल तर त्यांचा अंक मागून घ्या आणि नीट वाचा. एखाद्याचं आडनाव चुकलेलं दिसलं तर फोन करा, आणि बातमी लिहिणाऱ्या मुलीशीच बोला.