जरा सरकून घ्या!

विमानात ऐन वेळी बिझनेस क्लासची सीट हाती पडली, की घरी फोन जातो : नशीब जोरावर होतं! कर्जतहून रोज मुंबई गाठणाऱ्या पासधारकाला मात्र सीट नशिबाने मिळते, हे पटवून देणं अवघड आहे. संध्याकाळी दादरला भरगच्च कर्जत लोकलमध्ये शिरल्यावर तो आधी बसलेल्यांना विचारतो, ‘‘कुठे उतरणार?’’ उत्तर ‘ठाणे’ आलं तर तिथेच पाय रोवायचे. ‘बदलापूर’ आलं तर पुढच्या बाकाकडे सरकायचं. आणि ‘डोंबिवली’ आलं तर बसायला मिळणार म्हणून आनंद मानायचा, की डोंबिवलीला इतक्या लोकल असताना हा आपल्याच गाडीत कशाला चढला म्हणून कपाळाला आठ्या घालायच्या, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर. बाक रिकामा होण्याआधी तो कोणाचा होणार हे ठरलेलं असतं.

जगभरातल्या विमान कंपन्या संगणकांवर अफाट पैसा खर्च करून हाच प्रश्न सोडवत असतात. कोणती सीट, केव्हा आणि किती खात्रीने रिकामी राहणार?

विमानाची सीट ही फार नाशवंत वस्तू आहे. दार बंद झालं, की रिकाम्या सीटची किंमत शून्य. तिकीट काढूनही विमानतळावर न फिरकणारे प्रवासी प्रत्येक फेरीत असतातच. म्हणून कंपन्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात. समजा, विमानात ३०० सीट आहेत आणि दर शंभर प्रवाशांतले चार येत नाहीत असा अनुभव आहे. अशा वेळी ३०६ तिकिटं विकली, तर ३०० हून अधिक माणसं दारात उभी राहण्याची शक्यता जेमतेम दीड-दोन टक्के निघते. हाव सुटून ३१० विकली, की तीच शक्यता वीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे पाच फेऱ्यांत एकदा बखेडा. फरक अवघ्या चार तिकिटांचा. तोही प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे येतो किंवा राहतो असं धरलं तर. दुसऱ्या विमानाने येणारं लग्नाचं अख्खं वऱ्हाड वाटेत अडकलं, की एकदम चाळीस सीट रिकाम्या पडतात आणि वहीतलं गणित वहीतच राहतं.

अपग्रेडचा उगम या अंदाजात आहे. इकॉनॉमीत अंदाजापेक्षा जास्त माणसं आली आणि पुढच्या वर्गात जागा असली, तर मागच्या काहींना पुढे बसवणं कंपनीला स्वस्त पडतं. नाहीतर भरपाई द्यावी लागते. पुढे कोणाला न्यायचं याची यादी संगणक लावतो. त्याच कंपनीने वारंवार उडणारा सभासद वर, महागडं तिकीट काढलेला त्याच्या जवळपास आणि सवलतीच्या तिकिटावरचा तळाशी. काउंटरवर कोट-टाय घालून गेलं, की अपग्रेड मिळतं, ही समजूत आता फक्त गप्पांपुरती उरली आहे. यादीला कपडे दिसत नाहीत.

जागा कमी पडली तर कोणाला उतरवायचं, ही याच नाण्याची दुसरी बाजू. त्यावरचा नामी उपाय अमेरिकी अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ मध्ये लेखात मांडला. प्रत्येक प्रवाशाला एक पाकीट द्यायचं. ‘किती पैसे मिळाले तर मी पुढच्या विमानाने जाईन,’ तो आकडा त्याने लिहून पाकीट बंद करायचं. सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्याला तेवढे पैसे देऊन थांबवायचं. घाईतला माणूस वेळेवर जातो, निवांत माणूस पैसे घेऊन खूश. विमान कंपन्यांनी कल्पना उडवून लावली. दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेच्या नागरी उड्डाण मंडळाचे अध्यक्ष असलेले अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड कान यांनी आधी स्वयंसेवक शोधण्याची पद्धत लागू केली. आपल्याकडेही ‘डीजीसीए’ या नागरी उड्डाण नियामकाचा नियम हेच सांगतो : आधी स्वेच्छेने कोणी थांबतंय का, ते विचारा. जबरदस्तीने कोणाला मागे ठेवलं आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर भरपाई द्या. पर्यायी विमान २४ तासांच्या आत असेल तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. काउंटरवर हुज्जत घालण्याआधी हे आकडे पाठ असलेले बरे.

गंमत म्हणजे आज अनेक कंपन्या प्रवासाच्या काही दिवस आधी ‘अपग्रेडसाठी बोली लावा’ असा ईमेल धाडतात, तो सायमन यांच्याच पाकिटाचा उलटा अवतार आहे. त्यांनी विचारलं होतं, कितीत सीट सोडाल? कंपनी विचारते, कितीत पुढे बसाल? लिलाव एकच, फक्त पैसे आता प्रवाशाच्या खिशातून जातात.

मग पुढच्या रिकाम्या सीट कंपनी महिनाभर आधीच स्वस्तात का विकून टाकत नाही? याचं उत्तर १९७२ मध्ये ‘बीओएसी’ या ब्रिटिश कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी एका ओळीच्या सूत्रात दिलं. स्वस्त तिकीट ३०,००० रुपयांचं आणि महाग ९०,००० रुपयांचं असेल, तर ९० हजारवाला गिऱ्हाईक पुढे येण्याची शक्यता एक-तृतीयांशाहून जास्त असेपर्यंत सीट राखून ठेवावी. शक्यता त्याखाली गेली, की विकून मोकळं व्हावं. महागडं तिकीट काढणारी माणसं बहुधा कामानिमित्त, उशिरा ठरवून निघणारी. म्हणून ती शक्यता शेवटच्या दिवसांपर्यंत टिकते आणि मग झपाट्याने घसरते. चांगल्या सीट ऐन वेळी सुटतात त्या यामुळे.

भारतीय रेल्वेने २००६ पासून आरक्षणात जी अपग्रेडची सोय ठेवली, तिच्यामागचा विचार याहून उदार म्हणावा लागेल. वरच्या वर्गात बर्थ रिकामे राहणार असतील, तर खालच्या वर्गातल्या काहींना जादा पैसे न घेता वर न्यायचं आणि त्यांच्या जागी प्रतीक्षायादीतल्यांना बसवायचं. अर्जावरच्या एका चौकटीत होकार दिला, की पुरे. ‘आरएसी’ तर अस्सल देशी तोडगा. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी बसून निघायचं. कोणी आला नाही, तर एकाला पूर्ण बर्थ. एकाच सीटवर दोघांना बसवायची हिंमत अजून कोणत्या विमान कंपनीला झालेली नाही.

लोकलमध्ये ती हिंमत रोज होते. तिथे तिघांच्या बाकावर चौथा बसतो.

मुंबईच्या लोकलचा डबा बाहेरून ३.६६ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट आणि मधून वाट. दोन्हीकडे ‘चौथी सीट’ भरली, की एका ओळीत आठ माणसं होतात. भिंतींची जाडी न वजा करताही माणशी ४६ सेंटिमीटर, वाटेची जागा धरून. लांब पल्ल्याच्या बोइंग ७७७ चं केबिन आतून ५.८६ मीटर रुंद आहे. हे विमान १९९५ मध्ये सेवेत आलं तेव्हा बहुतेक कंपन्यांनी इकॉनॉमीत एका ओळीत नऊ सीट बसवल्या. आता सर्रास दहा असतात. म्हणजे दोन्ही वाटा धरून माणशी सुमारे ५९ सेंटिमीटर. विमानातला हा दहावा प्रवासी कंपनीने आराखड्यातच कोंबलेला असतो आणि सगळे जण थोडे थोडे आक्रसतात. चौथ्या सीटवरच्याला मात्र ‘जरा सरकून घ्या’ म्हणावं लागतं, अर्धं अंग वाटेत ठेवावं लागतं आणि खिडकीतला उतरेपर्यंत मुकाट वाट पाहावी लागते. दोन्हीकडे जागा तेवढीच राहते. कोण किती आक्रसणार, एवढंच बदलतं.

गर्दीच्या शास्त्रात जॉन फ्रुइन हे नाव महत्त्वाचं. १९९३ च्या एका लेखात त्यांनी मांडलं, की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसं झाली, की गर्दी द्रवासारखी वागू लागते. माणूस स्वतः चालत नाही, लाटेबरोबर ढकलला जातो. मुंबईच्या लोकलसाठी रेल्वेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा खास शब्द वापरावा लागला. अर्थ : चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला, तेव्हा या आकड्याचा अर्थ पुन्हा कळला. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांची चर्चा जोरात झाली. पण दार बंद केलं, की बाहेर लटकलेली माणसं आत कुठे मावणार, हा प्रश्न उरतोच.

कर्जतकराला त्यातल्या त्यात एक वरदान आहे. गाडी तिथूनच सुटते. सीएसएमटीपर्यंतचे १०० किलोमीटर, दोन तासांहून थोडे जास्तच, तो बसून जाऊ शकतो. खोपोलीहून येणारी लोकल मात्र लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी करत येते तेव्हा खिडक्या खालापूरकरांनी धरलेल्या असतात. आणि बदलापूर-वांगणीकडचे काही जण ‘रिटर्न’ येतात : उलट्या दिशेच्या गाडीने कर्जत गाठायचं आणि त्याच डब्यात बसून परत निघायचं. त्यासाठी पास कर्जतपर्यंतचा हवा, शिवाय तासाभराचा वेळ जादा. विमानात ज्याला बोली म्हणतात ती हीच. इथे ती मिनिटांत मोजली जाते. कर्जतच्या फलाटावर उभ्या असलेल्यांना ही बोली आवडत नाही हे ओघानेच आलं. भांडणं होतात, पण त्यांतला तर्क दोन्हीकडून बिनचूक असतो. एक म्हणतो, मी आधी बसलो. दुसरा म्हणतो, गाडी इथून सुटते.

लांबच्या विमानात अशी बोली न लावताही थोडी जागा मिळते. न्यूयॉर्ककडे थेट उडायचं म्हणजे सोळा तासांची बैठक. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या कर्जतच्या आजी-आजोबांनी तिघांच्या ओळीत खिडकी आणि वाटेकडची सीट घ्यावी, मधली सोडावी. मधली सीट सगळ्यांत शेवटी विकली जाते. विमान भरलं नाही तर ती दोघांची, भरलं तर आलेला तिसरा आनंदाने बदलून देतो. बोइंग ७७७ चं शेपूट निमुळतं होत जातं, त्यामुळे शेवटच्या काही ओळींत खिडकीकडे तीनऐवजी दोनच सीट असतात आणि भिंतीलगत पिशवीपुरती फट राहते. संकटकालीन दाराजवळ पाय पसरायला ऐसपैस जागा खरी, पण तिथे वृद्धांना आणि तान्ह्या बाळासोबतच्या प्रवाशांना बसवत नाहीत. चेक-इन उघडल्यावर नकाशा पुन्हा पाहावा. पुढे हलवलेल्या सभासदांच्या चांगल्या सीट तेव्हा मोकळ्या होतात. आणि दार बंद झाल्यावर रिकामी ओळ दिसली, तरी हवाईसुंदरीला विचारूनच उठावं. एटीआरसारख्या छोट्या विमानात चार माणसं मागून पुढे गेली, तरी विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो आणि उड्डाणाचा हिशेब त्यावरच बेतलेला असतो.

खिडकीच्या हट्टाला मात्र वैद्यकशास्त्राची साथ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘राइट’ प्रकल्पाने २००७ मध्ये सांगितलं, की चार तासांहून अधिक प्रवासात शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळात तो कमीच. निरोगी माणसांत साधारण ६,००० त एक. पण तो विमानापुरता नाही. बस, मोटार, रेल्वे, कशातही बराच वेळ पाय न हलवता बसलं की वाढतो. ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ हे नावही फसवं : स्वस्त सीटमुळे गुठळी होते याला ठोस पुरावा नाही. खिडकीजवळ बसणाऱ्यांचा धोका मात्र अधिक दिसला, कारण दोघांना उठवून बाहेर पडायचा संकोच. ऐन गर्दीत खिडकी धरून कर्जतपासून सीएसएमटीपर्यंत जाणाऱ्यालाही पोटऱ्या ताणायला, घोटे फिरवायला हरकत नाही. जागा लागत नाही.

कर्जत-खालापूरच्या रुळांवर आता नवं गणित मांडलं जातंय. पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग चिखले, मोहोपे, चौक करत येतो. त्यावरचा वावर्ले बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे. बदलापूर–कर्जत तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, म्हणजे खालापूरकराला विमान गाठायला मुंबईतल्या सहार विमानतळापर्यंत जायची गरज राहिली नाही. चौकच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्याला मात्र रुळांची लांबी किंवा बोगद्याची खोली यापेक्षा वेगळी चौकशी करावी लागेल : सकाळची गाडी कर्जतहून सुटणार, की पुण्याकडून भरून येणार? आणि चौकहून सुटणारी एखादी तरी वेळापत्रकात असेल का?