शहरालगतची वाट ‘सीनिक’ कशी?

आइस एज ट्रेलचं मागच्या वेळी कबूल केलं होतं, ते एक आठवडा पुढे ढकलतो. एका वाचकाने मध्येच हटकलं आहे. अमेरिकेतली न्यू इंग्लंड ट्रेल ही पायवाट हार्टफर्ड, स्प्रिंगफील्ड, न्यू हेवन अशा शहरांच्या परसातून जाते आणि तिच्या दहा मैलांच्या आत वीसेक लाख माणसं राहतात. तिला २००९ साली ‘नॅशनल सीनिक ट्रेल’ म्हणून ॲपलाशियन आणि पॅसिफिक क्रेस्टच्या पंगतीत बसवलं, यात त्या बिरुदाची किंमत उतरली नाही का, असं ते विचारतात. माझ्या मते वाट शहराला लागून असेल तर तिचा दावा अधिकच बळकट होतो, आणि हे खुद्द अशा राष्ट्रीय वाटांचा १९६८चा कायदाच सांगतो. पायवाटा कुठे व्हाव्यात याचा क्रम त्याच्या धोरणकलमात दिला आहे: आधी शहरांजवळ, मग दूरच्या रम्य प्रदेशांत आणि ऐतिहासिक मार्गांवर. शहरांसाठी त्याच कायद्यात ‘रिक्रिएशन ट्रेल’चा वेगळा वर्ग आहे, मग तो का घेऊ नये, असं जाणकार म्हणतील. पण त्या वर्गात मैलभराची वाटही बसते आणि त्याला मंत्र्यांची मोहोर पुरते. सीनिक वाटेला काँग्रेसचा कायदा लागतो आणि किमान शंभर मैलांची लांबी लागते. शहरापासून अमुक इतकं दूर असावं, अशी अट मात्र कुठेही नाही.

दूरचं तेच रम्य, ही समजूत खरं तर ॲपलाशियन ट्रेलच्या कीर्तीतून आली, आणि गंमत अशी की त्या वाटेचा जनक तसं मानत नव्हता. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली आपला प्रस्ताव वास्तुविशारदांच्या नियतकालिकात छापला, तोही प्रादेशिक नियोजनाचा प्रकल्प म्हणून. पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांतल्या कष्टकऱ्याला डोंगर हाताशी यावा, हा त्यांचा हिशेब होता. वाटेचा पहिला नवा टप्पा १९२३ साली न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन परिसरात झाला. आजही ती वाट तिथल्या प्राणिसंग्रहालयातून जाते, आणि पॉलिंगजवळ तिच्या नावाचा रेल्वे थांबा आहे. याने तिचं सीनिकपण कमी झालं, असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता न्यू इंग्लंड ट्रेल ज्या डोंगररांगेवरून जाते, ती पाहू. ही रांग बहुतांशी बेसाल्टची, म्हणजे सह्याद्रीच्याच जातीच्या काळ्या पाषाणाची, फक्त वयाने कितीतरी थोरली: सुमारे वीस कोटी वर्षांची. आजूबाजूचा मऊ वालुकाश्म झिजून सपाट खोरं झालं, तिथे शेती आली, मग गिरण्या, मग उपनगरं. कडा तेवढा उभा राहिला, कारण त्यावर नांगर चालेना आणि घरंही धड बांधता येईनात. बरीच उतरण पाणीपुरवठ्याच्या तलावांसाठी राखली गेली. म्हणून गावाच्या डोक्यावर सलग रान उरलं. इथला देखावाच मुळी खोऱ्यातल्या वस्तीसकट आहे. टॉमस कोल यांनी १८३६ साली माउंट होलिओकवरून कनेटिकट नदीचं वळण रंगवलं, तेव्हा एका अंगाला वादळ आणि रान, तर दुसऱ्या अंगाला नांगरलेली शेतं दाखवली. अमेरिकी निसर्गचित्रकलेतल्या या मानाच्या चित्रातून शेतं पुसली तर उरेल काय?

गर्दीचा आक्षेप अधिक जड वाटतो: बिरुद लागलं की झुंबड उडणार. याचं उत्तर त्याच वाटेच्या उत्तर टोकाला आहे. हिच्यात बव्हंशी सामावलेली जुनी मेटाकोमेट-मोनॅडनॉक वाट न्यू हॅम्पशायरमध्ये माउंट मोनॅडनॉकपर्यंत जायची. राष्ट्रीय वाट मात्र मॅसॅच्युसेट्सच्या सीमेवरच थांबते, त्यामुळे मोनॅडनॉक बिरुदाबाहेर राहिला. आणि तोच जगातल्या सर्वाधिक चढल्या जाणाऱ्या डोंगरांपैकी एक म्हणून ओळखला जातो! गर्दी शहर जवळ असल्यामुळे होते, पाटीमुळे नव्हे. पाटी लागली की निदान त्या गर्दीची काळजी कोणी वाहायची, हे ठरतं. कनेटिकट फॉरेस्ट अँड पार्क असोसिएशन आणि ॲपलाशियन माउंटन क्लब या जुन्या संस्थांचे स्वयंसेवक आधीपासून झाडांवर खुणा रंगवत आणि वाट साफ ठेवत होतेच. आता त्यांच्या पाठीशी नॅशनल पार्क सर्व्हिस आहे, आणि डिसेंबर २०२३मध्ये या वाटेला त्या खात्याचं रीतसर घटकपणही मिळालं.

खरा लंगडा भाग जमिनीचा आहे. वाट जागोजागी खासगी मालकीतून जाते, ती मालकाच्या शब्दावर. व्यवहार्यतेच्या अभ्यासाला मंजुरी २००२ साली आली आणि कायदा व्हायला २००९ उजाडलं. त्या कायद्याने मालकाच्या संमतीशिवाय केंद्र सरकारला जमीन घेता येणार नाही, असं बजावून ठेवलं. वाट मंजूर होण्यासाठी ही तडजोड आवश्यक होती, असं मला वाटतं, कारण दाट वस्तीत सक्तीची नुसती शंका आली तरी मालक फाटक बंद करतो. पण तिची किंमतही आहे. खडीसाठी बेसाल्ट फोडणारी खाण किंवा प्लॉट पाडून विकणारा वारस यांना बिरुद अडवू शकत नाही. अशा वेळी जमीन राजीखुशीने विकत घ्यायची किंवा वाट डांबरी रस्त्यावर उतरवायची, एवढंच हाती उरतं. विस्कॉन्सिनमध्ये आइस एज ट्रेलचे शेकडो मैल अजून असेच रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्यासाठी जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेण्याचा तिथला उद्योग पुढच्या आठवड्यात पाहू.