टोमण्यांनी वजन उतरते का?

“डॉक्टर, हिला जरा चांगले खडसावून सांगा. लाज वाटली म्हणजे आपोआप बारीक होईल.” मुलीला, सुनेला किंवा बायकोला दवाखान्यात घेऊन येणारी मंडळी मला असे नेहमी सांगतात. त्यामागे काळजी असते, हे खरे. पण लाजेने वजन खरोखर उतरते का?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी इंग्लंडमधील पन्नाशी व त्यापुढच्या २,९४४ स्त्री-पुरुषांची वजने चार वर्षांच्या अंतराने पाहिली. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. वजनावरून आपल्याला कमी लेखले जाते, असे सांगणाऱ्यांचे वजन सरासरी ०.९५ किलोने वाढले होते. तसा अनुभव नसलेल्यांचे ०.७१ किलोने घटले होते. अशा पाहणीवरून टोमण्यांमुळेच वजन वाढले, असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र टोमण्यांचा फायदा झाल्याचेही त्यात दिसले नाही.

असे का व्हावे? अपमानाने मनावर ताण येतो. ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि गोड, तेलकट खाण्याची ओढ वाढू शकते. चारचौघांत अर्धी भाकरी खाणारी बाई मग दुपारी एकटी असताना फरसाणाचा डबा उघडते. लोक हसतील म्हणून सकाळचे फिरणे बंद होते. वयात येणाऱ्या मुली जेवण टाळतात आणि नंतर भुकेपोटी जास्त खातात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे, बोलणी बसतील या भीतीने माणसे दवाखान्यात यायचेच टाळतात. त्यामुळे रक्तदाब आणि मधुमेह वेळीच कळत नाहीत. वजनाच्या काट्यापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

शिवाय लठ्ठपणा म्हणजे निव्वळ खादाडपणा नव्हे. आनुवंशिकता, थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, स्टिरॉइडसारखी काही औषधे यांचाही त्यात वाटा असतो. अशा माणसाला आळशी म्हणून हिणवणे हा अन्यायच.

म्हणून वजनाकडे दुर्लक्ष करावे असे मात्र नाही. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. घरच्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) एकट्यासाठी वेगळे पथ्य नको. भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर सगळ्यांच्याच ताटात असावी. तळण आणि गोडाचे डबे घरात कमी भरावेत.

२) “फिरायला जा” म्हणण्याऐवजी “चल, मीही येतो” म्हणावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे पुरे.

३) पाहुण्यांसमोर वजनाचा विषय काढू नये. मुलांना ‘जाड्या’, ‘ढोल’ अशी नावे ठेवू नयेत.

४) उद्दिष्ट लहान ठेवावे. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो वजन उतरले, तरी साखर व रक्तदाब यांत फायदा दिसू लागतो.

खाण्यात बदल नसताना काही महिन्यांत वजन झपाट्याने वाढले, अंगावर सूज आली किंवा पाळी अनियमित झाली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि सोबत येणाऱ्याने डॉक्टरांना “हिला रागवा” असे सांगू नये. “हिला तपासा” एवढेच सांगावे.